रंगाचे आठ हात

मंगळवार, आठ जून एकोणीसशे शहात्तर. सकाळी दहा वाजून एकतीस मिनिटांनी खात्याच्या पूरबोटीचं इंजीन जवळजवळ नऊ वर्षांनी चालू झालं, आणि दहा बेचाळीसला ते बंद करावं लागलं. बोट तेव्हा बंडगार्डनच्या बंधाऱ्याच्या वर, काठापासून साठ-सत्तर फुटांवर होती. तापमापकाचा काटा लाल रेघ ओलांडून पलीकडच्या खिळ्याला टेकला होता. बोटीत तिघे होते: सहायक अभियंता गोपाळकृष्ण गद्रे, वर्कशॉपचा फिटर मच्छिंद्र आणि वल्हं घेऊन बसलेला शेडचा रखवालदार दत्तोबा. चौथा माणूस, शमशुद्दीन तांबोळी, घाटाच्या तिसऱ्या पायरीवर उभा होता. बोटीचा पहिला आणि शेवटचा मेकॅनिक तोच. चार महिन्यांपूर्वी निवृत्त झालेला. त्याला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं, आणि साक्षीदारानं बोटीत चढायचं नसतं असं गद्र्यांनी त्याला सकाळीच सांगितलं होतं. हुकूम साधा होता. इंजीन सलग अर्धा तास चाललं तर बोट पावसाळ्यासाठी ठेवायची, नाही चाललं तर भंगारात काढायची. अहवाल दुपारी चार वाजता. भंगारवाला आदल्या दिवशीच येऊन पत्र्याचं माप घेऊन गेला होता.

अकरा मिनिटं. शमशुद्दीनच्या डोक्यात तोच आकडा खिळ्यासारखा बसला. त्याला पहिल्या अर्ध्या मिनिटातच कळलं होतं. हे इंजीन नदीचंच पाणी पितं. तळाच्या झडपेतून पाणी आत येतं, एक छोटा पंप ते ओढून सिलिंडरांभोवती फिरवतो आणि धुराबरोबर मागच्या नळीतून बाहेर टाकतो. इंजीन बरं आहे की नाही हे बघायला तापमापक लागत नाही; मागची नळी बघायची. पाणी पडतंय ना, मग बरं आहे. आज नळीतून नुसता धूर आला, मग पांढरी वाफ. पाणी नाही, थेंब नाही. त्यानं दोन्ही हात वर केले, ओरडला, “बंद करा! मागं पाणी नाही! बंद करा!” इंजिनाच्या आवाजात ते कोणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं. गद्र्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि लग्नाच्या वरातीत ओळखीचं माणूस दिसावं तसा एक हात वर करून हलवला. मच्छिंद्रनंही हलवला. अकरा मिनिटं ते हात हलवत नदीत गोल फिरले आणि अकरा मिनिटं ते लोखंड पाण्यावाचून तापत राहिलं. ज्या माणसानं पाच वर्षं या इंजिनाचा श्वास मोजला तो काठावर, आणि ज्यांनी त्याचं झाकण कधी उघडलं नाही ते आत. हा खात्याचा नियम होता. सकाळी बायकोनं, जुबेदानं, चहा दिला होता. निघताना ती म्हणाली होती, “बुलाए तो जाव. पन कागज पे सही नक्को करो. तुम सही करते, और फिर लोगां तुम्हारेच नाव का बोर्ड लगाते.” तो हसला होता. आता हसू येत नव्हतं.

वल्ह्यानं बोट काठाला लागली. मच्छिंद्र फडकं हातात गुंडाळून पाण्याच्या टोपणाकडे वळला तेव्हा मात्र साक्षीदार पायऱ्या उतरला आणि सरळ बोटीत चढला. “हात काढ तिथनं. भाजून घ्यायचंय का? आणि थंड पाणी ओतायला बघत असशील तर आधी हातोडा घेऊन ब्लॉक फोड, म्हणजे एकाच कामात होईल.” मच्छिंद्र चाळिशीचा, सालस माणूस, त्यानं हात काढला. गद्रे रुमालानं मान पुसत होते. ते चिडलेले नव्हते, हे शमशुद्दीनला जास्त लागलं. “तांबोळी,” ते म्हणाले, “सोळा ऑक्टोबर सदुसष्टला ही बोट उभी केली, त्या कागदावर सही आपलीच ना?” “माझीच.” “त्यात लिहिलंय, इंजीन सुस्थितीत.” “सुस्थितीतच होतं, साहेब.” “मग सुस्थिती कुठं गेली? नदीला गेली का आंघोळीला?” कचेरीत त्या वर्षी आणीबाणीच्या, वेळेवर येण्याच्या आणि कमी बोलण्याच्या पाट्या लागल्या होत्या. गद्रे पहिली पाटी पाळत. एक तास इंजिनाला कोणी हात लावायचा नाही, असं शमशुद्दीननं सांगितलं, आणि कोणी विचारलं नसताना बोटीच्या काठावर बसून राहिला. तापलेल्या रंगाचा वास येत होता. त्या वासाखाली इंजिनाचा स्वतःचा वास त्याला सापडत नव्हता.

लोखंड निवताना टक् टक् असा आवाज करतं. असमान अंतरानं, बारीक. तो आवाज त्याला नको होता. बारा जुलै एकसष्टला, धरण फुटलं त्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमाराला, तो ओंकारेश्वराच्या बाजूच्या एका उंच जिन्यावर उभा होता, हातात हत्यारांची पिशवी; पिशवी का आणली होती हे त्यालाही सांगता आलं नसतं. मधे पाणी. पलीकडे एका कौलारू छपरावर चार माणसं, आणि त्यातली एक बाई ताट वाजवत होती. पितळेचं असावं. ती ओरडत नव्हती, रडत नव्हती, फक्त चमच्यानं की कशानं तरी ताट वाजवत होती, थांबून थांबून. जिन्यावरची माणसं म्हणत होती, बोट आणा, बोट कुठाय, कोणीतरी बोट आणा. बोट आणायची म्हणजे कुठून, हे कोणाला माहीत नव्हतं. पावणेदोनच्या सुमाराला कोणाचं तरी पोर जिन्यावरून घसरलं, त्यानं त्याला धरलं, आणि पुन्हा वर पाहिलं तेव्हा आवाज थांबला होता. छप्पर नव्हतं. माणसं त्याआधी उतरली, कोणी काढली, की छपराबरोबर गेली, हे त्यानं पाहिलं नाही. पुढं दोन वर्षं त्यानं त्या आळीत विचारलं. कोणी म्हणे वाचली, कोणी म्हणे ती माणसं इथली नव्हतीच. बासष्ट साली खात्यानं ही बोट आणली तेव्हा तो बदली मागून घेऊन तिच्यावर गेला. पाच वर्षं पूर आला नाही. सदुसष्टला कोणीतरी विचारलं, पूर येत नाही तर बोट कशाला. आणि ती शेडमध्ये गेली. पूर येत नाही म्हणून. जणू ती पूर आणण्यासाठी घेतली होती.

पावणेबाराला त्यानं हँडल लावून इंजीन हातानं फिरवलं. फिरलं. दाब चारही सिलिंडरांत हाताला लागला. कुठं अडकलं नव्हतं, तेलात पाणी उतरलं नव्हतं. जगलं होतं. कशाच्या जिवावर, ते एक इंजीनच जाणे. मग तळाची झडप पाहिली: उघडी. गाळणी पाहिली: स्वच्छ. राहिला पंप. पंपाच्या झाकणाचे चार स्क्रू रंगाखाली बुजले होते. त्यांच्या खाचा शोधायला अर्धा तास गेला. झाकण निघालं. आत पितळेची गोल पोकळी आणि मधे उघडा दांडा. बाकी काही नाही. ज्या रबरी पंख्यानं पाणी ओढायचं तो पंखाच नव्हता.

“वा,” गद्रे वाकून म्हणाले. “पार्ट चोरीला गेलेला आहे. आणि आपण लिहून दिलंत सुस्थितीत.”

“चोरीला नाही गेला. मी काढलाय.”

हे वाक्य तोंडातून गेल्यावर ते कसं दिसतं हे त्याला दिसलं. मच्छिंद्रनं मान खाली घातली. “रबराची पाती असतात, साहेब,” शमशुद्दीन म्हणाला, आणि आपला आवाज समजूत घातल्यासारखा होतोय याचाच त्याला राग आला. “पंपात ती वाकून बसतात. सहा महिने बोट उभी राहिली तरी वाकली ती वाकलीच. म्हणून बोट उभी करताना पंखा काढून ठेवायचा, शंखजिरं लावून, कापडात गुंडाळून, बोटीच्या पेटीत. आणि पाटी लावायची. मी पाटी लावली होती. पत्र्याची. शाई उडेल म्हणून खिळ्यानं अक्षरं ठोकली होती. याच झाकणाशेजारी, तारेनं बांधून.”

“कुठाय पाटी?”

पाटी नव्हती. इंजीन हिरवंगार होतं. गुळगुळीत, फुगीर, पानावरच्या दंवासारखं चकाकणारं हिरवं. त्यावर वाळलेल्या कुंकवाची बोटं. पाटी नव्हती, आणि एक क्षण शमशुद्दीनला वाटलं की आपण ती लावलीच नव्हती. नऊ वर्षं आपण ती मनात लावत आलो. सोळा ऑक्टोबरची दुपार त्यानं आठवून पाहिली: खिळा आठवला, हातोडी आठवली, ‘पं’वरचा अनुस्वार ठोकताना खिळा आरपार गेला होता तो आठवला, पण तार बांधल्याचं काही केल्या आठवेना. माणूस इतकी वर्षं दुसऱ्याच्या निष्काळजीपणावर तापतो आणि नेमक्या वेळी त्याच्या हाताला स्वतःची तार लागत नाही. तो बोटांनी चाचपू लागला. पंपाच्या वरच्या अंगाला, पाइप वळतो तिथं, रंगाखाली एक चौकोनी उंचवटा लागला. खिशातला चाकू काढून त्यानं खरवडायला सुरुवात केली.

हिरवा. त्याखाली हिरवा. तिसरा थर पातळ, पाणी घालून पुरवलेला, त्र्याहत्तरचा असावा. दुष्काळामुळे तेव्हा सगळंच पातळ होतं. मग पुन्हा हिरवा. एक थर टपालपेटीचा लाल. कुठूनतरी उरलेला डबा मिळाला असेल. मग तीन हिरवे. आठ. अडुसष्ट ते पंच्याहत्तर, आठ दसरे. दर दसऱ्याला कोणीतरी हे इंजीन घासलं होतं, पुसलं होतं, हिरवा हात मारला होता, हार घातला होता. आणि आठांपैकी एकाही दसऱ्याला कोणी पाटी वाचली नव्हती. पहिल्याच वर्षी रंगली असेल. पुढच्यांना ती इंजिनाचाच भाग वाटली असेल. अक्षरं रंगानं भरली होती. ती त्यानं चाकूच्या टोकानं एकेक मोकळी केली. पंखा काढला. पेटीत आहे. घातल्याशिवाय चालू नको. श. तां. १६-१०-६७. अनुस्वार आरपार होता. त्याच्या छातीत जे उसळलं तो आनंद नव्हता. त्याला कोणाची तरी गचांडी धरायची होती. “वाचा,” तो गद्र्यांना म्हणाला. “मोठ्यानं वाचा. साक्षीदार म्हणून सांगतो.”

गद्र्यांनी वाचलं, मनात. “बरं. रंग कोणी दिला?”

“म्या,” दत्तोबा म्हणाला.

सकाळपासून तो पहिल्यांदा बोलत होता. वल्हं अजून त्याच्या मांडीवर आडवं होतं. मुंढव्याकडचा माणूस, अठ्ठावन्न-साठीचा, पुढच्या वर्षी नोकरीतून सुटणारा. वाचता येत नव्हतं, सहीपुरतं येत होतं. “म्याच दिला, साह्यब. खातं रंग देत न्हाई. मी आनायचो. लोखंड हाय, उघडं ठिवलं तर गंजंल.” मग शमशुद्दीनकडे वळून, “पंखा हाय, मिस्त्री. जपून ठिवलाय. तुमीच म्हनला व्हता.”

तो शेडमध्ये नेऊ लागला आणि तिघे त्याच्या मागून गेले. मागच्या भिंतीत, जिथं पूर्वी कंदील ठेवायचे त्या कोनाड्यात, एक शेंदरी वस्तू होती. पुढं विझलेली पणती, झेंडूची वाळकी पाकळी, दोन नाणी. शमशुद्दीनला ओळखायला वेळ लागला. तेलात कालवलेल्या शेंदराचे थर चढून चढून ती गोल, बोथट झाली होती, पण सहा पाती अजून कळत होती. “पेटीत उंदीर शिरायला लागले, म्हनून हितं ठिवला,” दत्तोबा म्हणाला. “तुमी हातात दिला न् म्हनला, दत्तोबा, ह्यो बोटीचा जीव हाय, जिवापाड जप. मी दर शनवारी तेल घालतोय. येक शनवार चुकला न्हाई. बायकू गेली त्या हप्त्यात बी आलतो.”

“अरे वा,” गद्रे म्हणाले. “खात्यानं बोट ठेवली होती. तुम्ही दोघांनी देऊळ काढलंत. पेढे कुठं मिळतात?”

शमशुद्दीननं पंखा हातात घेतला. बोट लावलं तिथं रबर चिकटलं. रबराला तेल चालत नाही. तेलानं ते फुगतं, मऊ पडतं, खव्यासारखं होतं. नऊ वर्षांचे शनिवार. त्याच्या जिभेवर वाक्य आलं होतं, सकाळपासून धार लावून ठेवलेलं, आणि ते मारायला समोर फक्त दत्तोबा होता. साऱ्या खात्यात ज्यानं एकट्यानं सांगितलेलं ऐकलं तो. पेटीचं बोललो, पाटीचं बोललो, पण जे ऐकणाऱ्याच्या कानात राहिलं ते तेवढंच, जीव. आणि मग, काही कारण नसताना, एकोणीसशे सत्तरचा दसरा. शमशुद्दीन सायकलवरून शेडपाशी उतरला होता. दत्तोबानं आपट्याची पानं दिली, खोबऱ्याचा तुकडा दिला, ताडपत्री बाजूला करून इंजीन दाखवलं. ओला हिरवा रंग. “चकचकीत ठेवलंयस, गड्या,” असं म्हणून, खोबरं चावत, पाच मिनिटांत तो निघून गेला होता. त्यानं पाटी शोधली नव्हती. वर्कशॉपला जायला उशीर होत होता. त्या रस्त्यानं तो पुढं पाच वर्षं रोज गेला.

“जबाब लिहायचाय,” गद्रे म्हणाले. बोटीपाशी परतून तिच्या काठावर त्यांनी फाइल उघडली. “कारणाच्या रकान्यात नाव लागतं. आपलं किंवा याचं. दोन नावं मावत नाहीत.”

“वेळ किती झाली?”

“एक दहा. अहवाल चारला. आपण सोडा आता, तांबोळी. मुंबईहून पार्ट मागवायला पंधरा दिवस.”

“पंधरा दिवसांनी भंगारवाल्याकडनं विकत घेणार का बोट?” तो म्हणाला. गद्रे पहिल्यांदा चिडले. त्याला जरा बरं वाटलं. “मच्छिंद्र, दाढीचं पातं आण. नवीन. काचकागद, आणि साबण. धुण्याचा.” मच्छिंद्र सायकल घेऊन पळाला.

रॉकेलला हात लावायचा नव्हता, तेही तेलच. राखेनं आणि साबणानं त्यानं शेंदूर काढला. दत्तोबा शेजारी उकिडवा बसून पाणी ओतत होता. काळं रबर वर येऊ लागलं तसं त्यानं एकदा डोळे मिटले, मग उघडे ठेवले. पाती जाड झाली होती, पंपाच्या पोकळीत शिरत नव्हती. ती एकेक करून तासायची होती. जास्त तासलं तर पाणी ओढणार नाही, कमी तासलं तर दांड्यावर पिळवटून फाटणार. मापाला दुसरा पंखा नव्हता. माप पितळेच्या पोकळीचं, आणि शमशुद्दीनच्या अंगठ्याचं. पहिलं पातं तासायला वीस मिनिटं लागली. दुसऱ्याच्या मुळाशी चीर दिसली, केसाएवढी. ती त्यानं कोणाला दाखवली नाही. त्याचे हात स्थिर होते आणि डोकं तापलेलं होतं. इतकी वर्षं त्याला वाटत आलं होतं की हे उलट असतं. एक नाव मावतं. बासष्ट ते सदुसष्ट पूर आला नाही, हे कोणाच्या नावावर? बोटीच्या ड्रायव्हरची जागा खात्यानं रद्द केली, ते? आठ पावसाळे शहर बोटीशिवाय झोपलं आणि शेडच्या दाराला टाळं आहे एवढ्यावर खुशाल राहिलं, ते? त्यांना रकाना नव्हता. रकाना दत्तोबाला होता, ज्यानं बायकोच्या सुतकात येऊन तेल घातलं. दाढीच्या पात्याची धार त्याच्या बोटाला लागली. रक्त साबणात गुलाबी झालं.

“मिस्त्री,” दत्तोबा हळू म्हणाला, “माजं नाव घाला. मला येक वरीस राह्यलंय.”

“तू पाणी ओत.”

तीन वाजता पंखा बसला. साबणाचा फेस लावून, पिळत पिळत, तो आत गेला. झाकण लागलं. मग शमशुद्दीननं फाइल मागितली. जुबेदा आठवली. त्यानं कारणाचा रकाना सोडून, रकान्याबाहेर, लिहिलं: सोळा ऑक्टोबर सदुसष्टपासून आजपर्यंत हे इंजीन उघडून पाहायला कोणी आलं नाही. मीही नाही. खाली सही केली. गद्र्यांनी ते दोनदा वाचलं. “हे नाव नाही,” ते म्हणाले. “मला असं पुढं पाठवता येणार नाही.” “मग पाठवू नका. घड्याळ लावा.” या वेळी तो बोटीत होता आणि कोणी त्याला उतर म्हटलं नाही.

तीन एकवीसला इंजीन चालू झालं. धूर आला. दहा सेकंद, पंधरा. शमशुद्दीन मागच्या काठावरून ओणवा होऊन नळीकडे पाहत होता. विसाव्या सेकंदाला नळी खोकली, लाल-काळं पाणी ओकली, आणि मग धार लागली. पूर्वी मनगटाएवढी पडायची. आता अंगठ्याएवढी. मच्छिंद्र ओरडला, “पडलं! पडलं, मिस्त्री!” दत्तोबानं काठावर हात टेकवून तोच हात कपाळाला लावला, आणि शमशुद्दीनला त्याचा पुन्हा राग आला, आणि तो राग आता कुठं ठेवायचा ते कळेना. बोट मधल्या पाण्यात गेली. काटा पंचावन्नावर, मग सत्तरावर. तीन चाळीसला ब्याऐंशी. इंजिनाच्या ठोक्यांत कुठंतरी पितळेचा बारीक आवाज होता, थांबून थांबून येणारा. पंप असेल. चिरलेलं पातं असेल. त्यानं मुद्दाम तिकडे कान दिला नाही आणि तरी तो मोजत राहिला. काठावर कोणीतरी उभं राहून बोटीकडे हात हलवत होतं. गद्र्यांनी हात वर केला. “हात हलवू नका,” शमशुद्दीन म्हणाला. “तो काय म्हणतोय ते बघा आधी.” गद्र्यांनी हात खाली घेतला आणि पाहिलं. एक माणूस म्हशींना हाकत होता.

तीन सत्तेचाळीसला काटा एक्याण्णवावर होता. लाल रेघ पंच्याण्णवावर होती. अर्धा तास तीन एक्कावन्नला पुरा होणार होता. रकाना कोरा होता. नळीतून पाणी पडत होतं, करंगळीएवढं.